दावं सोडलं त्या रविवारी

घाणेरीचं फूल दिसायला वाईट नसतं, हे मला मान्य आहे. पिवळी, गुलाबी, केशरी बारकी फुलं एकाच झुपक्यात, वर फुलपाखरं. शिनोलीच्या पुढे चढ लागला की रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी ती सोबत करते, ती थेट भीमाशंकरापर्यंत. शनिवार-रविवारी शहरातल्या गाड्या थांबतात, माणसं तिच्याशेजारी उभी राहून फोटो काढतात. एकदा मी एसटीची वाट बघत उभा असताना एका बाईंनी विचारलं, "काका, या फुलांना काय म्हणतात? किती गोड आहेत." मी म्हणालो, "घाणेरी." त्यांना वाटलं मी चेष्टा करतोय. पानं चुरगळून वास घ्या म्हणालो, तर त्या गाडीत जाऊन बसल्या.

मी आळेफाट्याला जनावरांच्या खाद्याचं दुकान चालवतो. सरकी पेंड, गोळी पेंड, भुसा, मुरघासाच्या पिशव्या. गिऱ्हाईक सगळं आसपासच्या गोठेवाल्यांचं. जन्म मात्र तळेघरच्या वरच्या अंगाला, डोंगरातल्या दहा-बारा घरांच्या वाडीत झाला. खाचरात भात, उतारावर नाचणी आणि प्रत्येक दारात चार-दोन जनावरं. आई गेल्यापासून आबा, म्हणजे माझे वडील, तिथल्या घरात एकटे राहत होते. एकटे म्हणजे गायींबरोबर. गायी कुणाला तरी देऊन टाका आणि फाट्याला आमच्याकडे राहायला या, असा धोशा मी वर्षानुवर्षं लावला होता. ते म्हणायचे, "गायी हायेत तवर न्हाई." हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं होतं की नुसतं कानावर पडलं तरी माझं डोकं फिरायचं. पुढे जे झालं ते या एका वाक्यापायी झालं, म्हणून ते आधीच सांगून ठेवतो.

वाडीच्या मागच्या उताराला आम्ही राखण म्हणायचो. पाऊस सुरू झाला की तिथं जनावर सोडायचं नाही, हा वाडीचा नियम. मारवेल, पवन्या, शेडा असलं गवत माणसाच्या कमरेला लागायचं. ते फुलावर यायचं, त्याचं बी झडायचं आणि मगच, दिवाळीच्या सुमाराला, सगळी वाडी विळे घेऊन उतारावर जायची. कापून रचलेलं गवत उन्हाळा काढून द्यायचं. मागे उरलेल्या बुडख्यांवर मग गायी सोडायच्या. त्याआधी कुणाची गाय आत शिरली तर मालकाला वाडी चार शब्द ऐकवायची, आणि ते चार शब्द चांगले नसायचे. राखणीच्या कडेनं कुंपण होतं ते घाणेरीचं. माझ्या आजोबांच्या पिढीनं लावलेलं. जनावर तिला तोंड लावत नाही, वास घेतं आणि मान फिरवतं, म्हणून कुंपणाला तिच्यासारखी दुसरी नाही, अशी तेव्हाची समजूत होती. समजूत खोटी नव्हती, आणि तीच पुढे आमच्या अंगाशी आली.

पाऊस बिघडला तसं गवत बिघडलं. हे एका सालात झालं नाही, त्यामुळे अमुक साली झालं असं मला सांगता येत नाही. पूर्वी आमच्याकडे पाऊस म्हणजे चार महिन्यांची झड. अंगावरची घोंगडी वाळायची नाही आणि माणसं कावून जायची. आता तो महिन्याचं पाणी चार दिवसांत ओततो, उताराची माती धुऊन नेतो आणि मग तीन-तीन आठवडे फिरकत नाही. गवत भादव्यातच पिवळं पडतं, बी धरायच्या आधी. जे काय कापून ठेवावं, ते दिवाळीत परत आलेला पाऊस काळं करून जातो.

घरात चारा नाही म्हटल्यावर लोक तरी काय करणार. राखण दिवाळीऐवजी दसऱ्याला मोडली, मग गणपती उठले की मोडली, आणि पुढे राखण हे फक्त जागेचं नाव राहिलं. गायींनी गवत बी पडायच्या आधीच खाल्लं, म्हणून पुढच्या साली ते विरळ आलं. विरळ आलं म्हणून आणखी लवकर खाल्लं. घाणेरीला मात्र कुणीच हात लावत नव्हतं, माणूस नाही आणि गायही नाही. तिची काळी फळं बुलबुल खायचे आणि बिया राखणभर टाकायचे. पूर्वी कमरेएवढ्या गवताखाली ती रोपं उजेडावाचून मरून जायची. आता त्यांच्या डोक्यावरचं गवत आमच्याच गायी रोज साफ करून देत होत्या. "आपल्या गायी घाणेरीची खुरपणी करत्यात," असं आबा म्हणायचे. मी पोत्यावर छापलेलं वाचून गिऱ्हाइकाला शहाणपण सांगणारा माणूस, मला हे जन्मात सुचलं नसतं.

कुंपण असं सरकत सरकत राखणीच्या मध्यावर आलं. ज्या वाटेनं मी लहानपणी पळत उतरायचो तिथं आता वाकून शिरावं लागतं आणि बाहेर येईपर्यंत हात ओरबाडून निघतात. संध्याकाळी वरच्या कडेला चरणारं भेकर दिसेनासं झालं. त्याच्या जागी डुकरं आली. दिवसभर घाणेरीच्या जाळीत पडून राहायचं आणि अंधार पडला की नाचणीत उतरायचं, असा त्यांचा बेत. म्हणजे जे झाड कुणाच्या पोटात जात नाही ते आमच्या ताटातलं काढून नेत होतं, आणि आम्ही लावलेलं होतं म्हणून तक्रार करायचीही सोय नव्हती.

आबांकडे शेवटी तीन गायी उरल्या होत्या. त्यातली थोरली गाय जाणती होती. सकाळी दार उघडलं की ती पुढे आणि बाकीच्या दोघी तिच्या मागे. कुठल्या ओघळाला अजून ओल आहे, कुठल्या खडकामागे मारवेल उरलाय, हे तिला पाठ होतं. आबा तिला हाकत नसत, तिच्या मागून चालत असत.

आमच्याकडे एक रीत आहे. बाहेरून आणलेलं जनावर डोंगरात मोकळं सोडत नाहीत. त्याच्या गळ्यातलं दावं घरच्या जाणत्या गायीच्या गळ्यातल्या दाव्याला जोडतात, मध्ये जेमतेम हातभर अंतर ठेवतात आणि दोघांना तसंच चरायला नेतात. जाणती जिथं तोंड घालते तिथंच नव्याला तोंड घालावं लागतं, आणि ती जिथून मान फिरवते तिथून नव्याचीही मान ओढली जाते. एक पावसाळा आणि त्याच्यानंतरचा एक उन्हाळा असं चालतं. मगच दावं सोडतात. आबा माझ्याकडे बघत म्हणायचे, "माणसाला बी आसं बांधता आलं असतं, तर तू लई सुधारला असतास."

थोरली गाय म्हातारपणानं गेली. आबा त्यानंतर फोनवर कमी बोलायला लागले. मला वाटलं, हीच वेळ आहे. माझ्या एका गिऱ्हाइकानं गोठा मोडायला काढला होता. त्याच्याकडून मी एक संकरित कालवड घेतली, पांढऱ्यावर काळे मोठे ठिपके असलेली, अंगानं भरलेली, आणि टेम्पोत घालून तळेघरच्या रस्त्यापर्यंत नेली. तिथून पुढे चालत. आबांना सांगितलं की तुम्हाला करमत नाही म्हणून आणली. मनातलं गणित वेगळं होतं. हे गोठ्यातलं जनावर, याला डोंगर झेपायचा नाही. आबांना घरीच बसून त्याची उसाभर करावी लागेल, पेंड माझ्या दुकानातून न्यावी लागेल, आणि एकदा का त्यांचं डोंगरात फिरणं सुटलं की वर्षभरात ते आपण होऊन खाली येतील. वडिलांशी असा डाव खेळणारा माणूस फार हुशार असतो असं मला तेव्हा वाटायचं.

आबांनी कालवडीच्या तोंडाला हात लावून पाहिलं. "हिनं आजवर गव्हाणीतलंच खाल्लंय," ते म्हणाले. "हिला पुढ्यात आलंल समदं खायाचंच वाटणार."

"म्हणून तर म्हणतो, घरीच बांधा."

"घरी बांधायला ती काय म्हातारी हाय?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी तिचं दावं घरच्या गायीच्या दाव्याला जोडलं. उरलेल्या दोघींतली जी वयानं मोठी होती, ती लाल गाय. आणि माझा डाव तिथंच फसला. कालवड डोंगर चढायला लागली. पहिल्यांदा धापा टाकायची, घसरायची. महिन्याभरात खडकावर पाय रोवून उभी राहायला शिकली. आबांच्या आवाजात जीव आला. फोन केला की कालवडीचंच पुराण. आज तिनं पवन्या ओळखला, आज लाल गायीच्या आधी ओढ्यावर गेली, आज तिनं मान स्वतःहून फिरवली. मला आनंद व्हायला हवा होता. मला चीड आली, हे लिहायला लाज वाटते, पण खरं तेच आहे.

त्या साली पाऊस भादव्याच्या सुरुवातीलाच गेला. नवरात्रात ऊन इतकं पडलं की राखणीवर जे थोडं गवत होतं त्याचा कागद झाला. हिरवं म्हणायला एकच, घाणेरी. त्याच सुमाराला शिनोलीला आमच्या नात्यातल्या एकाचा दहावा होता. आबांना जाणं भाग होतं. मी शनिवारीच वाडीवर गेलो आणि म्हणालो, तुम्ही जा, गायी मी बघतो. रविवारी सकाळी निघताना त्यांनी मला तीनदा एकच गोष्ट सांगितली, "दावं सोडू नगंस." तिसऱ्यांदा मी जरा तोडूनच बोललो, "कळतं मला, आबा. मी पण याच घरात वाढलोय."

दुपारपर्यंत सगळं ठीक होतं. मग लाल गाय आणि कालवड घाणेरीच्या एका झुडपाच्या दोन बाजूंनी गेल्या आणि दावं मध्ये अडकलं. मी सोडवलं. थोड्या वेळानं पुन्हा अडकलं. ऊन डोक्यावर, हात काट्यांनी फाटलेले. कालवड अंगानं दांडगी, ती ओढायची आणि लाल गाय मागे फरफटायची. तिसऱ्या वेळेला मी शिवी हासडली आणि गाठच सोडून टाकली. संध्याकाळी परत बांधू, त्यात काय एवढं, असं म्हणून झाडाखाली जाऊन बसलो.

लाल गाय खडकाच्या कडेनं वाळलेल्या काड्या वेचत वर गेली. कालवड जागची हलली नाही. तिनं घाणेरीच्या शेंड्याला तोंड लावलं आणि खायला लागली. मी बघतच राहिलो. वास घेऊन मान फिरवेल म्हटलं, तर ती दुसरा शेंडा ओढायला लागली.

मला तेव्हा झालेला आनंद अजून आठवतो. ज्या झुडपानं आमची राखण गिळली, ज्याच्यापुढे कुऱ्हाडी आणि कुदळी हरल्या, ते कुणीतरी खात होतं. आणि ते मी आणलेलं जनावर होतं. मला वाटलं, डोंगरच्या गायी अडाणी, पिढ्यानपिढ्या मान फिरवत बसल्या. अशा दहा कालवडी आणल्या की राखण मोकळी. आबांना चांगलं ऐकवता येईल. मी उठलो, तिला पोहोचत नव्हत्या त्या उंचावरच्या कोवळ्या फांद्या मोडल्या आणि माझ्या हातानं तिच्या तोंडाशी धरल्या. ती खात होती आणि मी तिच्या मानेवर थोपटत होतो. दुपार अशी गेली.

उतरायच्या आधी मी दोघींची दावी पुन्हा जोडली. गाठ आबा मारतात तशीच मारली. का, ते तेव्हा स्वतःलाही विचारलं नाही. आबा शेवटच्या एसटीनं आले, घरी आल्या आल्या गोठ्यात गेले, दाव्याला हात लावून पाहिला आणि समाधानानं बाहेर आले. घाणेरी खाल्ल्याची बातमी जिभेवर होती. पण ती सांगायची तर दावं सोडल्याचं आधी सांगावं लागलं असतं. म्हटलं, पुढच्या खेपेला सांगू. सोमवारी सकाळी मी फाट्याला परतलो.

बुधवारी संध्याकाळी आबांचा फोन आला. कालवड खात नाही, रवंथ करत नाही, शेण घट्ट झालंय आणि उन्हात उभी राहत नाही. मी गुरुवारी सकाळी निघालो आणि वाटेत जनावरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांना विनवून सोबत घेतलं. ते बिचारे तळेघरपासून तासभर चालत आले. कालवडीचे डोळे पिवळे झाले होते. नाकपुडीची कातडी तडकली होती. पाठीवर जिथं जिथं पांढरा रंग होता तिथं कातडी सुकून उचकटत होती. काळे ठिपके जसेच्या तसे होते. पांढऱ्या-काळ्याची सीमा कुणी आखून दिल्यासारखी होती.

"घाणेरी खाल्लीय," डॉक्टर म्हणाले. "थोडीथोडकी नाही, पोटभर. यकृत गेलं की ऊन सोसत नाही, पांढरी कातडी भाजते. दोन-चार दिवस झाले असतील खाऊन. नवीन जनावर असलं आणि चारा नसला की असं होतं. अंधारात ठेवा. मी औषध देतो, पण उशीर झालाय."

दोन-चार दिवस. मी मनात रविवार मोजला. आबांनी मंगळवार मोजला. ते म्हणाले, "मंगळवारी माझा डोळा लागला व्हता, सायेब. ती सावलीत गप उभी व्हती, म्हनून म्या बी जरा आडवा झालो. हिरड्याच्या झाडाखाली. तवाच खाल्ली." डॉक्टरांनी मान डोलावली. मला कळत होतं की मंगळवारी ती सावलीत गप उभी होती कारण रविवारचं विष तिच्यात भिनलं होतं. मला हे कळत होतं आणि मी डॉक्टरांची पिशवी धरून उभा होतो.

आबांनी कालवडीला घरात घेतलं. दारखिडक्यांना गोणपाटं लावली. दिवसभर ते तिच्याजवळ काळोखात बसून राहायचे, ओल्या फडक्यानं तिचं नाक पुसायचे, तांदळाची पेज नळीनं तोंडात ओतायचे. पेज तशीच बाहेर यायची. मी दुकान बंद ठेवून तिथंच राहिलो होतो. दुसऱ्या दिवशी त्यांनी काळोखातूनच विचारलं, "पर ती दाव्यात व्हती. दाव्यात आसून खाल्ली कशी?"

मी गोणपाटाची सुटलेली कड खोचत राहिलो. उत्तर त्यांनीच शोधलं. "म्हंजी लाल गाय घानेरीपाशी हुबी ऱ्हायली. तिनं मान फिरवली न्हाई. तिनं बी खाल्ली आसंल."

कालवड सोमवारी सकाळी मेली. तिला पुरून आल्यावर आबा गोठ्यात गेले. लाल गाय नेहमीसारखी त्यांचा हात चाटायला पुढे झाली. त्यांनी कोपऱ्यातली काठी उचलली आणि तिच्या तोंडावर मारली. एकदाच. माझ्या उभ्या आयुष्यात मी त्यांना गायीवर हात उगारताना पाहिलं नव्हतं. ती मागे सरकली आणि दाव्याला ताण देऊन उभी राहिली, तिला काही समजलं नव्हतं. मी दारात होतो. तोंड उघडायची तीच वेळ होती. "आबा, तिला मारू नका, दावं मी सोडलं होतं," एवढंच म्हणायचं होतं. मी म्हणालो, "आबा, चहा ठेवू का?"

का गप्प बसलो, याचं कारण मी पुष्कळ दिवस भीती असं सांगत आलो, अर्थात स्वतःलाच. पासष्टीपुढच्या माणसाला कशाला आणखी त्रास, असंही सांगितलं. खरं कारण आबांच्या पुढच्या बोलण्यात होतं. रात्रीचं जेवण तसंच पानात ठेवून ते म्हणाले, "माजी नजर ग्येली. आनि डोंगरची गाय बी इसरली. आता कशाला ठिवायच्या?" मी अनेक वर्षं ज्या वाक्यासाठी धडपडत होतो ते वाक्य माझ्यासमोर आलं होतं. ते मी खोडून काढलं नाही.

आठ दिवसांत त्यांनी दोन्ही गायी वाडीतल्याच माझ्या चुलत्याच्या घरी देऊन टाकल्या. चुलतभावानं विचारलं, एवढ्या चांगल्या गायी का देताय, तर आबा म्हणाले, "चांगल्या कशाच्या. घानेरी खात्यात." मग दिवाळीत पाऊस आला आणि वाडीनं कापलेलं होतं नव्हतं ते गवत काळं केलं. ते बघायला आबा तिथं नव्हते. ते फाट्यावर माझ्या घरी बाहेरच्या खोलीत कॉटवर बसून टीव्ही बघत होते, आणि माझी बायको शेजारणीला सांगत होती की बरं झालं बाई, एकदाचं त्यांनी मनावर घेतलं.

ते आता रोज माझ्याबरोबर दुकानात येतात. भुशाच्या पोत्यांना टेकून बसतात. गिऱ्हाईक आलं की पोत्यातली मूठभर पेंड हातात घेऊन हुंगतात आणि परत टाकतात. कुणी डोंगराकडचं भेटलं की त्यांची गोष्ट सुरू होते. त्यांचा डोळा लागला, दाव्यातली जाणती गाय विसरली, कालवड गेली. एवढ्या वेळा सांगून ती गोष्ट घट्ट झाली आहे. वाडीवरही ती पोहोचली. आता तिथले लोक सांगतात की पाऊस फिरला, गवत संपलं, तशी डोंगरच्या जनावरांची अक्कलही फिरली आणि ती घाणेरी खायला लागली. दोन घरांनी त्या भीतीनं गायी विकल्या असं ऐकलं. लाल गाय चुलत्याकडे आहे. मी एकदा मुद्दाम जाऊन तिच्या मागे दिवसभर फिरलो. घाणेरीच्या जाळीपाशी ती गेली, वास घेतला आणि मान फिरवली. संध्याकाळपर्यंत मी तिला पाचपन्नास वेळा मान फिरवताना पाहिलं असेल.

गेल्या हिवाळ्यात पुण्याच्या एका कॉलेजातली मुलगी दुकानात आली. कुठल्याशा अभ्यासासाठी ती गावोगाव फिरून म्हाताऱ्या माणसांना विचारत होती, हवामान बदललं तसं जंगलातल्या झाडांत आणि चरणाऱ्या जनावरांत काय बदललं. डोंगरातून आलेले एक बाबा इथं बसतात असं तिला कुणी सांगितलं होतं. पोरगी नीट होती, चप्पल बाहेर काढून आत आली, आबांच्या पुढ्यात पोत्यावर बसली. आबांनी राखणीचं सगळं सांगितलं. कमरेएवढं गवत, बी झडायच्या आधी मोडलेली राखण, बुलबुल, गायींनी केलेली खुरपणी. ती झरझर लिहीत होती. तिच्या तोंडावरून कळत होतं की असं नीट सांगणारं माणूस तिला आजवर भेटलं नव्हतं. मला आबांचा अभिमान वाटला.

मग आबा म्हणाले, "आनि आता तर डोंगरच्या गायी बी घानेरी खात्यात."

तिचं पेन थांबलं. "स्थानिक गायी? ज्या तिथंच वाढल्या त्या? हे मी पहिल्यांदाच ऐकतेय, बाबा. नक्की ना?"

"म्हंजी काय. माज्याच दावनीची व्हती."

ती माझ्याकडे वळली. "काका, तुम्हीपण तिथलेच ना? तुम्ही पाहिलंय का असं?"

काट्यावर एक पोतं चढवलेलं होतं. मी काट्याकडे बघत म्हणालो, "हो. आबा म्हणतात ते बरोबर आहे." तिनं ते लिहिलं आणि खाली दोन रेघा ओढल्या.

ती गेल्यावर मी पोतं उतरवून बसलो, तसे आबा जवळ सरकले. मग माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाले, "बोललास ते बरं क्येलंस. न्हाईतर पोरीला वाटलं असतं, म्हातारा सोता डुलक्या घेतो आनि गायीवर ढकलतो." त्यांना खरोखर बरं वाटलं होतं. त्यांनी हात तसाच राहू दिला, आणि गिऱ्हाईक येईपर्यंत आम्ही तसेच बसून राहिलो.